चारशे तेरावे नाव

सोमवार, १० नोव्हेंबर १९९७. पेण.

सकाळी साडेदहाला रामवाडीच्या स्टँडवर उतरलो. एका हातात ट्रंक, काखेत वळकटी आणि अंगात पंचविशीतल्या माणसाला शोभेल असा उत्साह. वय बावन्न आहे, पण ते ट्रंकेत तळाशी घालून आणले होते.

सव्वीस वर्षे वाईहून एका दैनिकाला बातम्या पुरवल्या. दैनिक बंद पडले, वार्ताहर शिल्लक राहिला. बायको जाऊन सहा वर्षे झाली, मूलबाळ नाही, तेव्हा वाईत नुसते बसून घाट मोजण्यापेक्षा नोकरी बरी. खाडीकाठच्या शेतकरी व मिठागर मंडळाला ‘शुद्ध मराठी लिहिणारा व संगणकाची भीती नसलेला कार्यवाह’ हवा होता. पहिली अट पाठशाळेने लहानपणीच छड्या देऊन पुरी केली आहे. दुसरीबद्दल मी खोटे बोललो.

मंडळाचे अध्यक्ष पोपटशेठ म्हात्रे स्टँडवर घ्यायला आले होते. माणूस मोठा दिलखुलास. पहिल्या चहातच मला ‘पंडित’ करून टाकले. कचेरी एका खोलीची, मागच्या खिडकीतून मिठागरे दिसतात. झाडलोट आणि चहापाणी धोंडुबाईंकडे. बाई साठीच्या आसपास, बोलणे मोजके, मला ‘मास्तर’ म्हणतात. आणि टेबलावर, प्लास्टिकच्या बुरख्यात, संगणक. दसऱ्याला त्याची पूजा झाली असावी, कारण कपाळावर हळदकुंकवाची बोटे आणि डोक्यावर वाळलेला झेंडू होता. नव्या नवरीसारखा दिसत होता. वय मात्र माझ्याच बेताचे.

पहिले काम सोपे आहे. कचेरी रोह्याला हलते आहे, तिथे नवा संगणक आला आहे. जुन्यातले सगळे नव्यात न्यायचे. पोपटशेठ म्हणाले, एका भांड्यातली भाजी दुसऱ्या भांड्यात काढण्यासारखे आहे. त्यांनी आयुष्यात भाजी काढली नसणार, पण मी मान डोलावली.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

भाजी काय आहे ते आज कळले.

इथल्या चार गावांचा मिळून मातीचा एक लांबच लांब बांध आहे. तो आहे म्हणून खाडी बाहेर आणि भात आत. बांधाचा प्रत्येक तुकडा एकेका माणसाच्या राखणीला दिलेला. उधाणाला त्याने आपल्या तुकड्यावर उभे राहायचे, भगदाड दिसले की चिखलाने बुजवायचे. या माणसांची जी यादी, ती राखणवही. कार्तिकी अमावास्येला, भर दुपारच्या भरतीला, सगळी गावे बांधावर जमतात आणि वहीतले एकेक नाव मोठ्याने वाचले जाते. ज्याचे नाव, त्याने ‘हाय’ म्हणायचे. म्हटले की वर्षभराची राखण त्याच्या अंगावर.

राखणीवर असताना ज्याला खाडीने नेले आणि परत दिले नाही, त्याचेही नाव काढत नाहीत. घरातली बाई त्याच्या वतीने ‘हाय’ म्हणते. धोंडुबाईंचा नवरा जगन आठ वर्षांपूर्वी असाच गेला. वहीत तो एकशे अठरावा. बाई हे सांगताना कपबशा पुसत होत्या आणि पुसून झालेली बशी पुन्हा पुसत होत्या. मी विचारले, एखादा मुका असला तर? बाबाजी नावाचा एक मुका आहे म्हणे. तो ओल्या चिखलात हाताचा पंजा उमटवतो. हाताने दिलेला जबाबही खाडीला चालतो.

मूळ वहीला वाळवी लागली, म्हणून चार वर्षांपूर्वी विठू नावाच्या तेव्हाच्या कारकुनाने ती संगणकात उतरवली आणि वही रीतसर खाडीत सोडली. दरवर्षी वाचनापुरता कागद छापतात, तोही वाचून झाला की खाडीला. म्हणजे चारशे बारा नावे आज जगात एकाच ठिकाणी आहेत, या झेंडूवाल्या डब्यात. अमावास्येला सतरा दिवस.

मी म्हटले, फ्लॉपीवर घेऊ. फ्लॉपी घालण्याची फट खाऱ्या हवेने गंजून मिटली आहे. चाकूने उघडून पाहिली. चाकू वाकला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

पनवेलहून प्रविण नावाचा तंत्रज्ञ आला. तिशीचा, गळ्यात पेजर, तोंडात सुपारी. त्याने डबा उघडला, आम्ही तिघांनी डोकावले. आत सगळीकडे पांढरे. धूळ नव्हे. प्रविणने बोट लावून चाखले आणि थुंकला. मीठ.

खारी हवा, तो म्हणाला. असेल बापडी. पण धोंडुबाई वाकून बघत होत्या त्या मिठाकडे नव्हे, त्यातल्या एका बारीक ओल्या रेघेकडे.

प्रविणचे मत असे की आता एकच उपाय, हार्ड डिस्कच काढून रोह्याला न्यायची आणि नव्या संगणकात दुसरी म्हणून जोडायची. विटेएवढी पेटी आहे, वजनाला मात्र भारदस्त. तिच्या पाठीला काटे असतात आणि त्यांवर एक चिमुकली टोपी, जम्पर. ती एका जागी बसवली तर पेटी मास्टर, दुसऱ्या जागी बसवली तर स्लेव्ह. एका घरात दोन मास्टर झाले की कोणीच बोलत नाही. हे तत्त्व मला नवे नाही. पाठशाळेत दोन शास्त्री होते.

पण काढण्याआधी सहज चालू करून पाहावी म्हटले, तर बरोबर बाराला पेटी मुकी. पंखा फिरतो, दिवा लागतो, आतून चकार शब्द नाही. एकला आपली आपण बोलू लागली. प्रविण म्हणाला, विजेचा दाब. त्याला मी विचारले असते की सूर्य कुठे उगवतो, तरी तो म्हणाला असता, विजेचा दाब.

सोमवार, १७ नोव्हेंबर. रोहे.

पेटी टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन पेणहून एस्टीने आलो. शेजारच्या बाईने विचारले, बाळ किती महिन्यांचे? मी म्हटले, चार वर्षांचे, पण हाडाने जड आहे. नागोठण्यापर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली.

धोंडुबाई टेंपोतून कपाटांबरोबर आल्या. महिनाअखेरपर्यंत इथेच भाचीकडे राहणार आहेत. म्हणाल्या, यादीत मालक हायेत, यादी जाईल तिथं मी.

नवी कचेरी बाजाराच्या मागे, नदीच्या अंगाला, वरच्या मजल्यावर. नवा संगणक पांढराशुभ्र, अजून कुंकू न लागलेला. प्रविणने फोनवरून सांगितले तसे सगळे केले. पट्टी जोडली, वायर जोडली, झाकण न लावता चालू केला. नव्या संगणकाने जाहीर केले की दुसरी पेटी अस्तित्वातच नाही. पुन्हा उघडले. जम्पर हलवला. आता पहिलीही नाही. पुन्हा हलवला. टोपी हातातून निसटून फरशीच्या फटीत गेली. धोंडुबाईंनी केसातली पिन काढून ती बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

दोन वाजता दोन्ही पेट्या एकमेकींशी बोलू लागल्या. सव्वादोनला जुनी मुकी झाली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.

आज पेटी उघडली आणि आतली यादी पडद्यावर आली. चारशे बारा ओळी. पण काय ओळी! मधमाश्या चिरडल्यासारख्या खुणा, एकाचेही नाव वाचता येईना. अर्धा तास वाटले की सगळे गेले. धोंडुबाई दारात उभ्या होत्या, त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी मला विचारले की एकशे अठरावी ओळ आहे ना. मी म्हटले, आहे. खोटे नव्हते, ओळ होती.

मग प्रविणला फोन. तो थंडपणे म्हणाला की देवनागरीचे वेगळे कार्ड जुन्या डब्यातच राहिले असेल, त्याशिवाय मराठी दिसायची नाही. हे त्याला काल आठवले असते तर मी त्याच्या सात पिढ्यांना दुवा दिला असता. आज वेगळे काही दिले. फोन ठेवल्यावर.

पेणला जाऊन, कार्ड काढून, संध्याकाळी परत. मागे धोंडुबाईंनी घड्याळ पाहून ठेवले, आजही पेटी मुकी पडली. तीनला.

बुधवार, १९ नोव्हेंबर.

कार्ड बसले, नावे उमटली. एकशे अठरा, जगन धर्मा पाटील, पाणी सोडायच्या अमुक उघाडीपासून तमुक उंबरापर्यंतचा तुकडा. मोठ्याने वाचून दाखवले. बाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि हलकेच ‘हाय’ म्हणाल्या. मग लाजल्या, अजून दिवस आला नाही म्हणाल्या.

नकलायला घेतले. नकाशे, पत्रव्यवहार, पेटी इतकी संथ की सगळे मिळून सलग दिवसभराचे काम. पावणेचारला पेटी बंद. झालेले सगळे वाया, कारण अर्धवट नक्कल नवा संगणक स्वतःच पुसून टाकतो. स्वच्छतेची फार आवड.

गुरुवार, २० नोव्हेंबर.

साडेचार. चीड येते. माणूस आळशी असला तर निदान कारण देतो.

मुकेपणाच्या वेळा रोजनिशीत ओळीने लिहून काढल्या. चौदाला बारा. सतराला सव्वादोन. अठराला तीन. एकोणीसला पावणेचार. आज साडेचार. रोज पाऊण तास पुढे. विजेचा दाब इतका वक्तशीर असता तर आणखी काय हवे होते.

धोंडुबाईंना वेळा वाचून दाखवल्या. त्या जराही विचार न करता म्हणाल्या, ही भरती हाय, मास्तर. पानी चढतं तवा ती गप ऱ्हाते. मी म्हटले, रोह्यात वरच्या मजल्यावर कसली भरती? त्या म्हणाल्या, पेटीला कुठं म्हाईत ती वर हाय ते.

या अनुमानात हेतू आहे, दृष्टान्त आहे, व्याप्तीसुद्धा आहे. पाठशाळेत न्यायशास्त्राच्या परीक्षेला बाईंना पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. म्हणून जास्त राग आला.

शनिवार, २२ नोव्हेंबर.

वद्य अष्टमी. बाईंच्या हिशेबाने आज भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे कचेरीच्या वेळेत पेटी मोकळी. आणि खरोखर, दहा ते पाच पेटी एकदाही मुकी झाली नाही. नकाशे आले, पत्रे आली, राखणवही आली. इकडे चारशे बारा, तिकडे चारशे बारा. दोनदा ताडून पाहिले. आठवडाभर जम्पर, पट्ट्या, एस्ट्या यांच्याशी भांडलो, ते फळाला आले. आता ही पेटी बुडाली तरी बेहत्तर, नावे नव्यात सुखरूप आहेत.

आनंदात एक जुनी सवय वर आली. पाठशाळेत पोथी उतरवून झाली की शेवटी उतरवणाऱ्याने आपले नाव, गाव आणि तिथी लिहायची. नक्कल कोणाच्या हातची ते पुढच्याला कळावे म्हणून. मीही लिहिले. यादीच्या खाली, तशीच एक ओळ घेऊन, दोन्ही पेट्यांत सारखी नको म्हणून फक्त नव्या पेटीत: टोकेकर दिगंबर नारायण, वाई, कार्तिक वद्य अष्टमी. तुकड्याचा रकाना रिकामा सोडला. बांधाचा तुकडा कुठला आलाय मला.

कोपऱ्यावरून पेढे आणले. बाईंनी एक खाल्ला, एक पदराला बांधला.

सोमवार, २४ नोव्हेंबर.

धोंडुबाईंनी झाडताना विचारले, किती झाली? मी सांगितले चारशे बारा, आणि पुस्ती जोडली की सेवकाचे धरून चारशे तेरा. हसलो. त्यांनी केरसुणी खाली ठेवली.

मग त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. ‘राखणवहीत आपलं नाव आपन लिवायचं नसतं, मास्तर. वहीत नाव आलं की खाडी हाक मारते. ज्याच्या नावापुढं बांध हाय त्याला बांध देते. ज्याच्या नावापुढं काय नाय, त्याला आपल्या पोटातली जागा देते.’

मी विचारले, न बोललो तर? तीन हाका होतात. तिन्हीला जो गप राहिला तो सुटतो. असे कोणी राहिले आहे का? बाईंना आठवेना.

मग विचारू नये ते विचारले. चारशे बारावे नाव कोणाचे? मी शंभरदा पाहिले होते, विठू काशिनाथ ठाकूर, आणि बांधकरी समजून सोडून दिले होते. त्याच्यापुढे तुकडा नाही. विठू म्हणजे तो आधीचा कारकून. अक्षरे नीट उमटतात का ते बघायला माणूस पहिल्यांदा स्वतःचेच नाव टाइप करतो. त्यानेही केले आणि पुसायचे राहिले. पहिल्याच वर्षी यादी वाचणारा तोच होता. आपले नाव आल्यावर हसून ‘हाय’ म्हणाला.

पोपटशेठना फोन केला. म्हणाले, विठू सुरतेला भावाकडे गेलाय. कधी? चार वर्षे झाली. पत्र? पोपटशेठनी पेढे कसे होते ते विचारले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर.

ओळ पुसली. संगणकाने विचारले, नक्की? म्हटले, नक्की. गेली. जेवून आलो, आहे.

पुन्हा पुसली. पुसलेल्या ओळी कायमच्या काढून टाकण्याची एक वेगळी आज्ञा असते, तीही दिली. बंद करून चालू केला. चारशे तेरा. प्रविणला फोन. त्याने आज्ञा शब्दशः पुन्हा सांगितल्या, जणू मी तिसरीत आहे. मी शब्दशः पुन्हा दिल्या. चारशे तेरा.

सात वेळा. आठव्यांदा पुसून, वरून एकेक ओळ मोजत खाली आलो. विठूनंतर मी.

मग जुनी पेटी पाहिली. तिच्यात मी काही लिहिलेच नव्हते. तिच्यातही आहे. तिथी, वाई, सगळे.

बुधवार, २६ नोव्हेंबर.

प्रविण म्हणतो, विषाणू. उपाय, दोन्ही पेट्या फॉरमॅट करा, सगळे साफ. एक आज्ञा, एक बटन. माझे नाव जाईल. चारशे बाराही जातील.

बटनावर बोट ठेवून किती वेळ बसलो सांगता येत नाही. धोंडुबाई समोर खाली बसल्या होत्या. त्यांना फॉरमॅट म्हणजे काय हे मी सांगितले नव्हते, तरी कळले होते. म्हणाल्या, ‘मालकाचं बाकी काय मिळालं नाय मला. टोपी पन नाय. वर्साला एकदा त्यांच्या नावाला बोलते तेवढंच.’

मी शब्द दिला की जगनचे नाव जाणार नाही.

त्या म्हणाल्या, खाडीनं नेलंच तर तुमच्यासाठी मी बोलली असती, पर एका तोंडाला एकच नाव. तुमचं कोन हाय का बोलाया? मी म्हटले, कोणी नाही.

आज पेटी सव्वानऊला मुकी झाली. फरशी ओली होती. छत कोरडे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर.

दहा. संगणकाच्या खालून पाणी. बोट लावून चाखले, मलाही आता ही सवय लागली. खारट. फडक्याने पुसले, फडके पिळले तर बादलीत बोटभर गाळ, आणि त्यात एक चिमुकला खेकडा, जिवंत. धोंडुबाईंनी ओंजळीत घेऊन खिडकीतून नदीकडे सोडला, जणू हे रोजचेच.

एक युक्ती सुचली आहे. सगळी नावे हाताने कागदावर उतरवायची. मग दोन्ही पेट्या पुसता येतील. जगनही राहील, मीही राहीन. आधीच का सुचले नाही? बोरू सोडून यंत्राच्या नादी लागलो म्हणून.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर.

सकाळी सातला बसलो. तीनशे नव्वदपर्यंत सुरेख. अक्षर अजून वळणदार आहे. अकराच्या सुमाराला हात जड झाला, पण थांबलो नाही, चारशे बारा, विठू काशिनाथ ठाकूर, खाली रेघ मारली, दौत बंद केली, डोळे चोळले.

रेघेखाली टोकेकर दिगंबर नारायण. शाई ओली.

अक्षर माझेच. मी लिहिले नाही. मी —

पाने फाडून पुन्हा शेवटची वीस नावे उतरवली. डावा हात उजव्यावर दाबून. पुन्हा तेच.

संध्याकाळी पोपटशेठ आले. त्यांना छापील कागद दिला, शेवटची ओळ कात्रीने कापून. त्यांनी कापलेली कड पाहिली, विचारले नाही. उद्या बांधावर तेच वाचणार. मी जाणार नाही. बांध इथून तीस-पस्तीस किलोमीटर. मी इथेच बसेन, दार लावून, दुपारभर. तीन हाका. गप्प राहायचे आहे, बस्स. बावन्न वर्षे बडबड केली, एक दुपार गप्प राहता येईल.

कापलेली ओळ कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती. आता टोपलीत नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर. अमावास्या.

साडेनऊ. धोंडुबाई पहाटेच्या गाडीने पेणला गेल्या. जाताना माझ्यासाठी डबा ठेवला आणि पुन्हा सांगितले, बोलू नका. दारातून परत येऊन म्हणाल्या, काय पन झालं तरी.

दोन्ही पेट्या संगणकातून काढून कपाटात कुलूपबंद केल्या. वायर भिंतीतून काढली. पट्ट्या तोडल्या. जोडताना आठवडा लागला होता.

सव्वाअकरा. फरशीवर पाणी. वहाणा तरंगताहेत. टेबलावर पाय घेऊन बसलो आहे. तोंडात रुमाल कोंबला आहे, वरून उपरणे बांधले आहे. हाताला काहीतरी काम हवे. कालपासून रिकाम्या हाताचा भरवसा नाही, म्हणून लिहितो आहे. लिहीत राहिलो की तो माझ्या ताब्यात राहतो.

पावणेबारा. कपाटात पेटी फिरू लागली. वायर नाही. काही जोडलेले नाही.

नावे. पोपटशेठचा आवाज नाही. आवाज कोणाचाच नाही, पाण्याचाच, पण नावे नीट कळतात. शंभर. एकशे सहा. प्रत्येकाला जबाब मिळतो. दूरचे आवाज, उन्हातले.

एकशे अठरा. बाईंचा आवाज आला — स्पष्ट — हाय. आणि त्यांच्या मागोमाग, अगदी जवळून, कपाटाच्या आतून, एका पुरुषाचा. तोही हाय म्हणाला. सांगायला हवे बाईंना. सांगेन. नाव राहिले, बाई. एकही गेले नाही.

तीनशे.

पाणी टेबलाच्या कडेला. पडदा काळा आहे, त्यात मी दिसतो, माझ्यामागे कोणी — मागे पाहणार नाही.

चारशे दहा. अकरा. विठू काशिनाथ. जबाब माझ्या खांद्याशी. ओला.

आता —

टोकेकर दिगंबर नारायण.

गप्प. दात रुमालात. गप्प राहिलो. एक झाली.

टोकेकर दिगंबर —

बायकोच्या आवाजात. हे बरे नव्हे. गप्प. दोन. बोललो नाही. तोंड बांधले आहे, बोलताच येणार नाही, सुटलो, आता एकच —

तो मुका. बाबाजी. तो पंजा उमट — हाताने दिलेला — टाक खाली ठेवायला हवा. ठेवतो. बोटे उघडत नाहीत. टाक खाली —

टोकेकर

मी नाही लिहीत हे मी नाही हात

हा